मंगल परिणय नेमका कोणाचा?

लग्नसराई सुरू झाली की शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांच्या रस्त्यांचे रूप पालटते. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर शिक्रापूरपासून घोडनदीपर्यंत आणि पुणे-सोलापूर रस्त्यावर यवतपासून कुरकुंभपर्यंत मंगल कार्यालयांच्या आणि लॉन्सच्या कमानी उजळतात. चौकाचौकांत वधूवरांचे फ्लेक्स लागतात. अलीकडे या गर्दीत एक नवी भाषा ऐकू येऊ लागली आहे. लग्न आपल्यासारखे हवे, त्यात आपण दोघे दिसलो पाहिजे, असे वधूवर सांगतात आणि इव्हेंटवाले मान डोलावतात. मग दोघांच्या आद्याक्षरांचे एक चिन्ह तयार होते. ते पत्रिकेवर, कमानीवर, अगदी पाण्याच्या बाटलीवरही छापले जाते. प्री-वेडिंगचे शूटिंग होते, मांडवाला ठरावीक रंग दिला जातो, नवरीच्या प्रवेशाला धुराचे यंत्र लागते आणि नवरदेवासाठी उघडी जीप येते. ही हौस आता केवळ ऊस बागायतदारांच्या घरची राहिलेली नाही. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत कंत्राटी कामाला जाणाऱ्या आमच्या मुलामुलींच्या लग्नांतही ती पोचली आहे.

या इच्छेची टिंगल आम्ही करणार नाही. लग्नात वधूवर दिसावेत ही मागणी मुळात योग्य आहे. किंबहुना महाराष्ट्रात ही मागणी सर्वांत गंभीरपणे ज्यांनी मांडली, ते आमचेच महापुरुष होते. प्रश्न एवढाच आहे की, आज मांडवात जे दिसते ते खरोखर वधूवर आहेत की इव्हेंटवाल्याचे दरपत्रक? समाजाने हा प्रश्न स्वतःला विचारण्याची वेळ आली आहे.

ज्या समाजातून आपण आलो, त्याचे लग्न त्याच्या स्वतःच्या ताब्यात कधीच नव्हते. वरात कोणत्या वाटेने जाईल, नवरदेव घोड्यावर बसेल की पायी चालेल, बाईच्या अंगावर कोणत्या धातूचा दागिना असेल, हे गाव ठरवीत असे. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये इंदूर भागातील बलाई समाजावर १९२८ मध्ये सवर्णांनी लादलेल्या अटींची नोंद आहे. बलायांनी जरीकाठी पागोटे बांधायचे नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, त्यांच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, आणि सवर्णांच्या लग्नात मात्र वरातीपुढे वाजंत्री वाजवायची. आपल्या लग्नात नटायचे नाही आणि दुसऱ्याच्या लग्नात वाजवायचे, असा तो न्याय होता. म्हणून आमच्या समाजात लग्नाचा पोशाख, दागिना, वाजंत्री आणि वरात या कधीच नुसत्या हौसेच्या बाबी नव्हत्या. प्रत्येक बाबीत माणूसपणाचा हक्क गुंतलेला होता.

अस्पृश्य समाजाच्या बाहेर जो शूद्र म्हणवला गेलेला बहुजन होता, त्याच्याही लग्नाचा मालक दुसराच होता. ज्याला मंत्र कळत नाहीत त्याने ते ऐकायचे, दक्षिणा द्यायची आणि गप्प बसायचे. जोतीराव फुल्यांनी या मालकीवरच घाव घातला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला सीताराम जबाजी आल्हाट आणि राधाबाई निंबणकर यांचे लग्न सत्यशोधक पद्धतीने लागले. भटजी नव्हता. सावित्रीबाईंनी या लग्नात पुढाकार घेतला. पुढे चौपन्न वर्षांनी, १९२७ मध्ये, याच २५ डिसेंबर या तारखेला महाडला मनुस्मृती जळाली, हा योगायोग आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावा. भटजीशिवाय लग्न लावणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातील ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी १८८४ मध्ये ब्राह्मण जोश्याला न बोलावता लग्न लावले, तेव्हा जोश्यांनी आपल्या दक्षिणेच्या हक्कासाठी त्यांना कोर्टात खेचले. लग्न पाटलाच्या घरचे, आणि हक्क जोश्याचा!

पण जोतीरावांनी केलेली याहून मोठी गोष्ट आपण विसरतो. १८८७ मध्ये त्यांनी सत्यशोधकांसाठी पूजाविधीचे जे पुस्तक काढले, त्यात मंगलाष्टके वधूवरांच्या स्वतःच्या तोंडी घातली. भटजी म्हणणार आणि वधूवर अंतरपाटाच्या आड मुके उभे राहणार, ही रीत त्यांनी मोडली. तिथे वधू बोलते. ती स्त्रीच्या स्वातंत्र्याची आणि हक्काची मागणी करते आणि ते हक्क देण्याचे वचन वर सर्वांसमक्ष देतो. लग्नात वधूवर दिसावेत, असे आजचे इव्हेंटवाले म्हणतात. लग्नात वधूवर ऐकू यावेत, असे जोतीरावांनी एकशे चाळीस वर्षांपूर्वी सांगितले. दिसणे आणि ऐकू येणे यांत फार अंतर आहे. दिसायला पैसा लागतो. ऐकू यायला हक्क लागतो.

सावित्रीबाईंनीही हेच आपल्या घरात करून दाखवले. दत्तक पुत्र यशवंत यांचे लग्न १८८९ च्या फेब्रुवारीत ज्ञानोबा ससाणे यांच्या कन्येशी सत्यशोधक पद्धतीने झाले. लग्नाआधी मुलामुलीची एकमेकांशी ओळख व्हावी म्हणून सावित्रीबाईंनी होणाऱ्या सुनेला आपल्या घरी आणून ठेवले होते. ज्या काळात नवरीने मान वर करून पाहणेही निषिद्ध होते, त्या काळातली ही गोष्ट आहे.

दौंड तालुक्यातील वाचकांना तर दूर जायचीही गरज नाही. केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आजही उभे आहे. रमाबाई जन्माने चित्पावन ब्राह्मण. त्यांनी १८८० मध्ये बिपिन बिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी १८७२ च्या कायद्याखाली नोंदणी पद्धतीने विवाह केला. होम नाही, कन्यादान नाही. पुढे रमाबाई ख्रिस्ती झाल्या तेव्हा पुण्याची ब्राह्मण मंडळी त्यांच्यावर तुटून पडली आणि जोतीरावांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. आपली निवड आपण करावी आणि ती कागदावर नोंदवावी, हा धडा घालून देणारी बाई याच तालुक्यात जगली आणि याच मातीत विसावली. लॉन्सकडे जाताना केडगावचे स्टेशन लागले तर एवढे आठवावे.

आता बाबासाहेबांकडे येऊ. त्यांचे रमाईशी झालेले लग्न भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यानंतर रात्री लागले. विक्रीच्या ओट्यांवर वऱ्हाडी बसले होते. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला, तेव्हा ते देशाचे कायदामंत्री होते. मनात आणले असते तर राजेमहाराजे वऱ्हाडात बसवता आले असते. त्यांनी मोजक्या लोकांत घरीच लग्न केले.

म्हणून बाबासाहेब नटण्याच्या विरोधात होते काय? मुळीच नाही. महाड परिषदेच्या वेळी, १९२७ च्या डिसेंबरात, त्यांनी महिलांना सांगितले की, तुमच्या जातीची खूण पटवणारी वस्त्रे आणि दागिने टाकून द्या, लुगडे नीट नेसा, स्वच्छ राहा. आयाबहिणींनी लगेच नेसण्याची पद्धत बदलली. नागपूरला जुलै १९४२ च्या महिला परिषदेत त्यांनी मुलींना सांगितले की, लग्नाची घाई करू नका, ती एक जबाबदारी आहे, आणि लग्न केलेच तर नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभ्या राहा, दासी होऊ नका. पोशाख आणि दागिना त्यांनी तुच्छ मानला नाही. त्याचा अर्थ कोण ठरवणार, हा प्रश्न त्यांनी महत्त्वाचा मानला.

धम्मदीक्षेनंतर बौद्धांचा विवाह कसा व्हावा याविषयी त्यांनी ४ डिसेंबर १९५६ रोजी, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या दोन दिवस आधी, पत्राने मार्गदर्शन केले. होम नको, सप्तपदी नको. वधूवरांच्या मध्ये पाटावर पाण्याने काठोकाठ भरलेले मातीचे नवे मडके ठेवावे, त्यात बुडवलेल्या सुताचे एकेक टोक दोघांनी धरावे, कोणीतरी मंगल सुत्त म्हणावे आणि दोघांनी पांढरी वस्त्रे नेसावी. संपले. या विधीचा बारकाईने विचार करा. सुताची दोन टोके दोघांच्या हातात आहेत. कोणी कोणाच्या मागे चालत नाही, कोणी कोणाचे दान करीत नाही. पांढरे वस्त्र दोघांनाही सारखे आहे. मडके मातीचे आहे, म्हणजे मजुराला आणि अधिकाऱ्याला एकाच भावात मिळणारे आहे. बरोबरी हाच या विधीचा गाभा आहे.

आता हा विधी आज आमच्या मांडवांत कसा होतो ते पाहू. सुरुवात पत्रिकेपासून करू. वर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा असते. खाली वधूवरांची नावे दोन ओळींत उरकलेली असतात. त्यानंतर निमंत्रक, स्वागतोत्सुक, कार्यवाह, व्यवस्थापक, आजी-माजी सरपंच, कारखान्याचे संचालक आणि होऊ घातलेले उमेदवार यांची नावे दोन-दोन पाने भरून असतात. वराच्या नावाखाली त्याची नोकरी छापतात, वधूची पदवी गळते. वधूच्या नावाआधी 'चि. सौ. कां.' हमखास असते. सौभाग्याची आकांक्षा करणारी, म्हणजे नवरा जगावा एवढीच जिची इच्छा, असा त्याचा अर्थ. ज्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यांच्या पत्रिकेत हे कशाला? आणि आईचे नाव? १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत आईचे नाव लिहिणे महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केले. सरकारच्या कागदाला आई सापडली, आमच्या पत्रिकेला ती अजून नीट सापडत नाही.

मग वेळ येते. दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटे, असे छापलेले असते. ही पस्तीस मिनिटे पंचांगातून आली नाहीत असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे. गंमत अशी की, ती वेळही पाळली जात नाही, कारण पुढारी यायचे असतात. पुढारी आले की शुभेच्छांची भाषणे होतात. साखर कारखान्याचा भाव, पाण्याचे आवर्तन, रस्त्याचे काम असे सारे विषय निघतात. वधूवर पांढऱ्या वस्त्रांत घामाघूम उभे असतात. अखेर बौद्धाचार्यांच्या हाती माईक येतो तोवर पंगतीची घाई झालेली असते. फोटोवाला म्हणतो, जरा इकडे बघा. त्या गोंधळात त्रिसरण, पंचशील होते, प्रतिज्ञा होतात आणि कोणालाच काही ऐकू येत नाही. ज्या महामंगल सुत्तात तथागतांनी शुभशकुनांच्या मागे लागणाऱ्या जगाला सांगितले की, मातापित्यांची सेवा, पत्नी आणि मुलांचा सांभाळ, निर्दोष कर्म हेच उत्तम मंगल, ते सुत्त मुहूर्त पाहून म्हटले जाते!

त्या प्रतिज्ञांचा अर्थ तरी आपण कधी ऐकला आहे काय? त्यांचा आधार दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त आहे. पत्नीचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे, एकनिष्ठ राहणे, घराचा अधिकार तिच्या हाती देणे आणि तिला अलंकार देणे, ही पतीची पाच कर्तव्ये तिथे सांगितली आहेत. पत्नीनेही कामाची नीट व्यवस्था लावावी, परिजनांचा आदर करावा, एकनिष्ठ राहावे, मिळवलेल्याचे रक्षण करावे आणि दक्ष असावे. अडीच हजार वर्षांपूर्वी 'अधिकार तिच्या हाती द्या' असे सांगणारा हा धर्म आहे. हे वाक्य माईकवर स्पष्ट ऐकू आले तर मांडवातल्या किती नवऱ्यांच्या माना खाली जातील याचा विचार करा.

इथे काही तरुण आम्हाला विचारतील, आणि त्यांनी जरूर विचारावे, की साधेपणाचा उपदेश नेहमी गरिबालाच का? शेजारच्या बागायतदाराच्या लग्नात दहा हजार पाने उठली तर कोणी अग्रलेख लिहीत नाही. आमच्या आजीला हिरवा चुडा नीट भरता आला नाही, आमच्या आईचे लग्न वस्तीतल्या समाजमंदिरासमोर उरकले, मग आमच्या बहिणीने एक दिवस शालू नेसून मिरवले तर चळवळीचे काय बिघडले? हा प्रश्न खोटा नाही. ज्यांच्या वरातीवर दगड पडले त्यांच्या मुलाने उघड्या जीपमधून गावभर फिरावे, यात आम्हालाही एक समाधान वाटते. गरिबाने आनंद करू नये असे म्हणणारा मनुवाद्यांच्याच पंगतीत बसतो.

तेव्हा आम्ही खर्चाची मर्यादा सांगत नाही. आम्ही तीन प्रश्न विचारतो. हे ठरवले कोणी? याचे पैसे देणार कोण? आणि यात बोलणार कोण? तिन्हींचे उत्तर 'वधू आणि वर' असे असेल तर खुशाल जीप आणा. पण तसे उत्तर क्वचितच येते.

पैशाचा हिशेब साधा आहे. समजा एखाद्या कंत्राटी कामगाराला महिन्याला पंधरा हजार मिळतात आणि घर चालवून त्याच्या हाती चार हजार उरतात. त्याने लग्नासाठी पाच लाख रुपये काढले तर नुसती मुद्दल फेडायला एकशे पंचवीस महिने, म्हणजे दहा वर्षांवर काळ लागतो. व्याज वेगळे. पतसंस्था, फायनान्स कंपनी, बायकांच्या बचत गटाचे कर्ज, मोडलेले डोरले, या सगळ्यांवर ती आद्याक्षरांची कमान उभी असते. कंत्राट संपले, गेटवरून परत पाठवले, तरी हप्ता थांबत नाही. पहिली मुलगी शाळेत जायला लागते तेव्हा बाप अजून तिच्या आईच्या लग्नाचा हप्ता भरत असतो. मग मुलीच्या शिक्षणावर टाच येते. शिका, हा बाबासाहेबांचा पहिला आदेश. लग्नाचे कर्ज सर्वांत आधी त्याच आदेशाचा बळी घेते.

आणि बहुतेक वेळा हा पैसा वधूच्या बापाचा असतो. हुंडा आम्ही घेत नाही, असे सांगण्याची आता पद्धत पडली आहे. मग 'लग्न दोन्हीकडचे करून द्या', 'मानपान व्यवस्थित करा', 'मुलाला गाडीची आवड आहे' अशी सोज्वळ भाषा येते. बस्ता मोठ्या दुकानातच बांधायचा असतो. १९६१ च्या कायद्याने हुंडा देणे आणि घेणे दोन्ही गुन्हे आहेत. मे २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातील एका तरुण विवाहितेच्या मृत्यूने सारा महाराष्ट्र हादरला आणि त्यानंतर मराठा समाजातील काही मंडळींनी लग्नांसाठी आचारसंहिता ठरवली. त्यांचे आम्ही स्वागत करतो. पण ज्या समाजाकडे १९५६ पासून बरोबरीचा विवाहविधी लिहून ठेवलेला आहे, त्याने दुसऱ्यांच्या आचारसंहितेची वाट पाहावी, ही शोभेची गोष्ट नाही. मागासवर्गीयांच्या सामूहिक विवाहासाठीच्या सरकारी योजनेचे नावही 'कन्यादान' असे ठेवले गेले. दान वस्तूचे होते, माणसाचे नाही, हे सांगण्याची जबाबदारी आपलीच आहे.

आता सर्वांत अवघड मुद्दा. लग्न दोघांसारखे असावे असे म्हणताना ते दोघे एकमेकांना कोणी निवडून दिले? मांडवाचा रंग मुलीने निवडला आणि नवरा काकांनी, तर त्या रंगाला काय किंमत? बाबासाहेबांनी जातिअंताचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह सांगितला. आम्ही मात्र वधूवर मेळाव्यांत पोटजात, भाग आणि भावकी चौकशीने काढतो. शिरूरला घोड नदी ओलांडली की अहिल्यानगर जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यात २०१३ मध्ये सोनईला तीन दलित तरुणांची, आणि २०१४ मध्ये खर्ड्याला शाळेत शिकणाऱ्या एका दलित मुलाची हत्या झाली. दोन्ही ठिकाणी निमित्त होते सवर्ण मुलीशी असलेल्या वा असल्याचा संशय घेतलेल्या ओळखीचे. जिथे आपला जोडीदार निवडण्याची किंमत मरण असू शकते, तिथे निवडीचा हक्क हाच लग्नातला सर्वांत मोठा तपशील आहे. तो हक्क आपल्या मुलींना आपण घरात देत नसू, तर सवर्णांच्या हिंसेवर बोलण्याचा आपला आवाज तेवढा कमी होतो.

मग करायचे काय? आम्ही काही गोष्टी सुचवतो. त्या सगळ्या आपल्या हातातल्या आहेत.

पत्रिका एका पानाची करा. आयुष्मान आणि आयुष्मती एवढेच लिहा. दोघांचेही शिक्षण आणि काम छापा, दोघांच्याही आईंची नावे वडिलांच्या बरोबरीने छापा. पुढाऱ्यांना जेवायला जरूर बोलवा, माईक देऊ नका. छापलेल्या वेळेला विधी सुरू करा आणि ती वेळ पाहुण्यांच्या एसटीच्या आणि रेल्वेच्या सोयीने ठरवा. दौंडसारख्या जंक्शनच्या गावी, जिथे रेल्वे आणि राज्य राखीव पोलीस दलामुळे राज्यभरातले बांधव येऊन राहिले आहेत, तिथे गाडीचे वेळापत्रक हाच खरा मुहूर्त आहे.

बौद्धाचार्यांनी विधी लावताना पालीचा मराठीत अर्थ सांगावा. प्रतिज्ञा वधूवरांनी स्वतः, स्वतःच्या आवाजात म्हणाव्या. त्या झाल्यावर दोघांनी आपापल्या शब्दांत दोन-चार वाक्ये जोडावी, आदल्या दिवशी बसून लिहिलेली. तिचे शिक्षण किंवा नोकरी चालू राहील. घर घेतले तर दोघांच्या नावावर घेऊ. दोन्हीकडच्या म्हाताऱ्या माणसांचा सांभाळ दोघे मिळून करू. दारूला आणि मारहाणीला घरात जागा नाही. हे सर्वांसमक्ष बोलले गेले की उद्या ती मुलगी एकटी राहत नाही. पाचशे माणसे तिची साक्षीदार होतात. याला आम्ही वधूवरांसारखे लग्न म्हणतो. जोतीरावांनी मंगलाष्टकांत नेमके हेच केले होते.

कायद्याचीही काळजी घ्या. बौद्धांना १९५५ चा हिंदू विवाह कायदाच लागू आहे आणि त्यानुसार पक्षकारांच्या रूढ विधीने लागलेले लग्न वैध ठरते. विधी न करता नुसते प्रमाणपत्र घेतल्याने या कायद्याखाली लग्न होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून विधी पूर्ण करा, विधी लावणाऱ्याचे नाव आणि सही घ्या, तीन साक्षीदार ठेवा आणि ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत नोंदणी करा. आंतरजातीय किंवा आंतरधर्मीय जोडप्यांना १९५४ चा विशेष विवाह कायदा खुला आहे. लग्नात मिळालेल्या भेटवस्तूंची यादी करून ठेवावी, असे १९८५ चे नियम सांगतात. फोटोंच्या अल्बमवर लाखभर खर्च करणाऱ्यांनी एका कागदावर ही यादी लिहून सह्या कराव्या. अडचणीच्या वेळी मुलीला अल्बम उपयोगी पडत नाही, तो कागद पडतो.

आणि हौस? ती जरूर करा, पण स्वतःच्या आयुष्यातली करा. वर रेल्वेत असेल, वधू परिचारिका असेल, तर त्यांचे सहकारी मांडवात सन्मानाने बसवा. ज्या शिक्षिकेने शिकवले तिच्या हस्ते सुताची गुंडी सोडवा. आजीने ओव्या म्हणाव्यात, वस्तीतल्या शाहिराने भीमगीत म्हणावे, डीजेच्या भिंतीपेक्षा ते सर्वांना कळते. पांढरी साडी नेसायला लाजू नका. पांढरा रंग वैधव्याचा, ही मनूच्या घरची समजूत आहे, आपल्या घरचा तो धम्माचा रंग आहे. वाचलेल्या पैशातून वस्तीच्या अभ्यासिकेला पुस्तके द्या आणि त्यांवर दोघांची नावे लिहा. पाण्याच्या बाटलीवरचे नाव त्याच संध्याकाळी कचऱ्यात जाते. पुस्तकावरचे नाव पुढची पिढी वाचते.

भीमेच्या काठी शिरूर तालुक्याच्या वेशीवर जो जयस्तंभ उभा आहे, तिथे बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी आले होते. दरवर्षी तिथे लाखोंनी जमणारा हा समाज आहे. वर्षातून एक दिवस ताठ मानेने उभे राहणे त्याला येते. घरच्या मांडवातही ते आले पाहिजे. गावाने ठरवलेले लग्न आपण मोडले, भटाने ठरवलेले लग्न आपण मोडले. आता बाजाराने ठरवलेले लग्न पत्करून कर्जात बुडायचे, की सुताचे एक टोक तिच्या हाती आणि एक त्याच्या हाती देऊन बाकीच्यांनी शांतपणे त्यांचे बोलणे ऐकायचे, हे येत्या लग्नसराईत प्रत्येक घराने ठरवावे. जयभीम!